जुन्या डब्ल्यू१२४ चं इंजिन तापतंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

मर्सिडीजची डब्ल्यू१२४ ई-क्लास भारतात तयार झाली ती पुण्यात. टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात १९९५ पासून तिची जुळणी सुरू झाली: पेट्रोलमध्ये ई२२० आणि डिझेलमध्ये अडीच लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन. या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्यात आणि त्यांचे मालक बहुतेक एकाच तक्रारीने गॅरेजमध्ये येतात, ती म्हणजे गाडी गरम होते. मग रेडिएटर बदलला जातो, तरी काटा वर. वॉटर पंप बदलला जातो, तरी काटा वर. शेवटी कुणीतरी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकतो, फॅनला डायरेक्ट वायर देतो आणि गाडी विकायची भाषा सुरू होते.

या गाडीच्या कूलिंगमध्ये मुळात काही खोट नाही. ४५ अंशांच्या उन्हात, एसी लावून, ट्रॅफिकमध्येही तिने काटा ताब्यात ठेवायला हवा आणि सगळे भाग ठीक असतील तर ती तो ठेवते. पण तीस वर्षांत रबर, प्लॅस्टिक आणि वायरिंग थकतं, त्यामुळे दोष बहुतेक वेळा एक नसतो, दोन-तीन अर्धवट दोष मिळून काटा वर नेतात. म्हणून पार्ट विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: गाडी नक्की कधी तापते? त्याच्या उत्तरात निम्मं निदान असतं.

आधी काटा खरं बोलतोय का ते बघा

मीटरवर ४०, ८० आणि १२० असे आकडे आहेत. ई२२० च्या एम१११ इंजिनातला थर्मोस्टॅट ८७ अंशांना उघडायला लागतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर काटा ८० च्या थोडा पुढे राहणं ही तब्येत झाली. उन्हाळ्यात सिग्नलला तो १०० पर्यंत जाऊन परत येत असेल तर घाबरू नका, या गाड्यांचं मीटर खरा चढउतार दाखवतं. पुष्कळ नव्या गाड्यांत काटा मध्यावर थांबवून ठेवलेला असतो, त्यामुळे तिथून इकडे आलेल्या मालकाला ही हालचाल विनाकारण भीती घालते. १०५ च्या पुढे जाऊन तो खाली येत नसेल तर मात्र काम काढायचं.

काटा एकदम उडी मारून वर जातो आणि तसाच खाली पडतो, असं होत असेल तर ते पाण्याचं तापमान नाही. एवढं पाणी सेकंदात तापत नाही आणि निवतही नाही. तिथे सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा मीटरची अर्थिंग बघा. १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या मर्सिडीजमध्ये इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होऊन गळतं, हा माहीत असलेला दोष आहे. कनेक्टरजवळची रबरी टोपी मागे सरकवा आणि वायर अलगद वाकवून बघा. आवरणाला चिरा पडून आतलं तांबं दिसलं तर हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा, बदलण्याला पर्याय नाही, कारण याच हार्नेसमधून इंजिनच्या तापमानाची खबर पुढे जाते.

खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. इथे बरेच जण फसतात: चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र कमी आकडा दाखवतं. थर्मोस्टॅटच्या घरावर (हाउसिंगवर) काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. मीटरचा काटा आणि हा आकडा यांत पाच-सहा अंशांचा फरक चालतो. वीसचा फरक असेल तर आधी सेन्सर.

कधी तापते?

उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की खाली येते: हवा कमी पडतेय. मागचा फॅन, पुढचे इलेक्ट्रिक फॅन, श्राउड (फॅनभोवतीचं कडं) आणि एसीच्या कंडेन्सरमधली घाण, या चौघांपैकी कुणीतरी.

गावात बरी असते, पण एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वर किंवा खंडाळा, खंबाटकीसारख्या घाटात चढताना तापते: हवा आहे, पण पाणी उष्णता रेडिएटरपर्यंत पुरेशी नेत नाही किंवा रेडिएटर ती सोडत नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धाच उघडणारा, पंपाचा पंखा झिजलेला, किंवा खालचा पाईप मऊ पडून ओढीने चिपकणारा.

फक्त एसी लावल्यावर तापते: पुढचे फॅन किंवा कंडेन्सर.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, पाणी कमी होतं, हीटर मध्येच गार हवा फेकतो: पाण्यात हवा शिरलीय. ती गळतीमुळे आली की हेड गॅसकेटमधून (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून), हे शोधायचं.

यातलं आपलं उत्तर कागदावर लिहूनच गॅरेजला जा. "गाडी गरम होते" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक त्याच्या सवयीच्या पार्टपासून सुरुवात करणार.

हवेची बाजू

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांमध्ये बोटभर फट. या फटीत तीस वर्षांची माती, किडे, पिसं आणि पालापाचोळा बसलेला असतो. पुढून जाळीतून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून ही घाण सुटते. श्राउड वर उचला, रेडिएटरचे वरचे क्लिप काढा, तो इंजिनच्या बाजूला थोडा कलवा आणि टॉर्च मारा. धुताना पाणी इंजिनकडून पुढे, म्हणजे हवा येते त्याच्या उलट दिशेने मारायचं, तेही साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पाती आडवी झोपतात आणि आहे ती हवाही बंद होते. तेलकट माती असेल तर आधी साबणाचं पाणी फवारून अर्धा तास मुरू द्या.

श्राउड नसलेल्या गाड्या सर्रास दिसतात. कधीतरी काम करताना तो तडकला आणि मेकॅनिकने "लागत नाही" म्हणून काढून ठेवला. तो लागतो. श्राउडशिवाय फॅन रेडिएटरच्या पूर्ण चेहऱ्यातून हवा न ओढता स्वतःच्या आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

आता मागचा, इंजिनवरचा फॅन. तो पुलीला घट्ट बांधलेला नसतो, मध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉनचं तेल आणि पुढच्या तोंडावर द्विधातूची एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वाकते, आतली झडप उघडते, तेल कामाच्या कप्प्यात येतं आणि फॅन पुलीबरोबर जोरात फिरायला लागतो. हवा गार झाली की तेल परत जातं आणि फॅन सैल पडतो. वर्षांनुवर्षं हे तेल झिरपून कमी होतं, त्यामुळे क्लच बिघडला तरी फॅन फिरताना दिसतोच. फिरतो, पण जोर नसतो. "फॅन तर चालू आहे" हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही.

तपासणी अशी. इंजिन बंद आणि गार असताना फॅन हाताने फिरवा. थोडा जड लागून लगेच थांबला तर ठीक, मोकळा दोन-तीन फेरे फिरला तर तेल गेलं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंद फॅनचा घोंघाट येऊन शांत व्हायला हवा. नंतर गाडी उभी ठेवून काटा १०० कडे जाऊ द्या, तो घोंघाट परत यायला पाहिजे. काटा १०५ वर आणि बॉनेटखाली शांतता, म्हणजे क्लच गेला. क्लचच्या मधोमध धूळ चिकटलेले तेलकट ओघळ दिसले तरी अर्थ तोच. नवा क्लच घेताना तो दुकानात उभा ठेवलेला होता की आडवा, हे जरूर विचारा. आडवा पडून राहिलेल्या क्लचमधलं तेल बेअरिंगच्या बाजूने गळू शकतं आणि नवाकोरा पार्टही निकामी निघतो.

कंडेन्सरच्या पुढे दोन इलेक्ट्रिक फॅन आहेत आणि त्यांना दोन वेग आहेत. एसीच्या गॅसचा दाब वाढला की ते हळू वेगाने, एका रेझिस्टरमधून चालतात. पाण्याचं तापमान १०५ ते १०७ अंशांपाशी गेलं की पूर्ण वेगाने. ही सोय ठाऊक नसल्याने गोंधळ होतो, कारण पाण्याचं तापमान ९५ असताना एसी बंद करून "फॅन लागतच नाही" म्हणणं चूक आहे. एसी पूर्ण लावा, गाडी दहा मिनिटं उन्हात उभी ठेवा. तरी हळू वेग आला नाही तर फ्यूज, मग रेझिस्टर, मग दाबाचा स्विच, या क्रमाने जा. रेझिस्टर गंजून तुटणं फार कॉमन आहे. पूर्ण वेग तपासायला तापमानाच्या स्विचच्या कनेक्टरमधल्या दोन पिना वायरने जोडा. फॅन जोरात फिरले तर वायरिंग आणि रिले ठीक आहेत, दोष स्विचचा.

फॅन कायम चालू ठेवणारी डायरेक्ट वायर टाकू नका. मोटारीचे ब्रश लवकर संपतात, बॅटरीवर ताण येतो आणि मूळ दोष झाकला जातो. तो घाटात उघडा पडतो.

पाण्याची बाजू: टोपण आणि थर्मोस्टॅट

सगळ्यात स्वस्त पार्टपासून सुरुवात करा. एक्स्पान्शन टाकीच्या टोपणावर १४० असा आकडा असतो, म्हणजे ते १.४ बारपर्यंत दाब धरतं. तत्त्व घरच्या कुकरचंच आहे: दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. १.४ बार दाबाखाली साधं पाणीही १२६ अंशांच्या आसपास उकळतं आणि निम्मं कूलंट असेल तर त्याच्याही वर. टोपणाचं रबर कडक होऊन दाब गळायला लागला की १०५ ला चालणारं इंजिन तिथेच उकळून पाणी बाहेर फेकतं. मालकाला वाटतं हेड गेलं, आणि गेलेलं असतं टोपण. दुसऱ्या गाडीचं १०० लिहिलेलं टोपण आट्यांत बसतं म्हणून लावलेलं असेल तर तेही बदला. टोपणाला उलट दिशेची एक छोटी झडपही असते. गाडी थंड झाल्यावर वरचा पाईप आत ओढला जाऊन चपटा दिसला तर ही झडप अडकलीय.

थर्मोस्टॅटबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल" हा सल्ला अजून दिला जातो. या गाडीत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, तर दुसरी त्याच वेळी बायपासची वाट बंद करते. बायपास म्हणजे पाण्याला रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणारा जवळचा रस्ता; थंड इंजिन लवकर तापावं म्हणून तो ठेवलेला असतो. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाणी सोपी वाट धरतं, त्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता गरमच्या गरम इंजिनात फिरत राहतो. हिवाळ्यात, सपाट रस्त्यावर काटा खाली दिसतो आणि सल्ला खरा वाटतो. मे महिन्यात घाट लागला की तीच गाडी उकळते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने लटकवून तापवा, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा. पातेल्याच्या तळाला तो टेकू देऊ नका. ८७ च्या आसपास हलायला लागावा आणि पाणी उकळेपर्यंत चांगला सात-आठ मिलिमीटर उघडावा. उघडायला लागतो पण तीन-चार मिलिमीटरवर थांबतो, असा थर्मोस्टॅट घाटात गाडी तापवतो आणि गावात निर्दोष ठरतो. बसवताना त्यावरची छोटी गोळीची झडप सगळ्यात वर आली पाहिजे, कारण पाणी भरताना हवा तिथून निसटते. रबरी सील नवी घाला आणि घराचं तोंड खरवडून नाही, बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

रेडिएटर आणि पंप

या गाडीचा रेडिएटर आडव्या प्रवाहाचा आहे: एका बाजूच्या प्लॅस्टिक टाकीतून पाणी अॅल्युमिनियमच्या नळ्यांतून दुसऱ्या बाजूला जातं. गाडी गरम करून, इंजिन बंद करून, इंजिनच्या बाजूने थर्मामीटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. तापमान सावकाश उतरत गेलं पाहिजे. मध्येच हाताएवढा गार पट्टा सापडला, विशेषतः खालच्या भागात, तर तिथल्या नळ्या गाळाने बंद आहेत. गाळ खाली बसतो, म्हणून सुरुवात बहुतेक तळाकडून होते.

जुन्या तांब्याच्या रेडिएटरला रॉड मारून साफ करतात तसं याचं होत नाही. प्लॅस्टिकच्या टाक्या घडी घातलेल्या पत्र्याने आवळलेल्या असतात. घड्या एकदा उघडून परत दाबल्या की तिथून गळती सुरू व्हायची शक्यता मोठी. चोंदलेला असेल तर नवाच घ्या.

वरचा पाईप जिथे बसतो ते प्लॅस्टिकचं तोंड हा या रेडिएटरचा सगळ्यात नाजूक भाग. उष्णतेने ते ठिसूळ होतं आणि एक दिवस, बहुधा घाटात, क्लिपपाशी कडकन तुटून अख्खं पाणी मिनिटभरात जातं. तोंडाचा रंग तपकिरी झाला असेल, नखाने खरवडल्यावर भुकटी निघत असेल किंवा क्लिपखाली पांढऱ्या क्षारांची रेघ दिसत असेल, तर रेडिएटर गळायची वाट बघू नका. क्लिप जोर लावून आवळणं हे या तोंडाच्या मरणाचं दुसरं कारण. पाईप सरकत नाही एवढीच घट्ट पुरते.

ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलरही याच रेडिएटरच्या टाकीत असतो. गिअरच्या तेलाच्या डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं काही दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटर बदला आणि गिअरबॉक्स पूर्ण फ्लश होईपर्यंत चालवू नका, नाहीतर क्लच प्लेट्स फुगून गिअरबॉक्स जाईल.

वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथे ओल किंवा वाळलेल्या कूलंटचा डाग म्हणजे सील गेलं. पंप बदलताना बेल्ट आणि टेन्शनर हाताने तपासून घ्या. बेल्ट सरकला तर पंप आणि व्हिस्कस फॅन दोन्ही मंदावतात.

गळती थांबवायला हळद, तंबाखू किंवा बाजारातली गळतीबंद पावडर टाकायची जुनी सवय आहे. ती चूर्णं गळतीच्या भोकाइतकीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्यांतही बसतात. आधीच्या मालकाने टाकली असतील तर नवा रेडिएटर घालण्याआधी यंत्रणा धुतलीच पाहिजे.

धुणं आणि भरणं

बोअरचं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात क्षारांचा थर बसतो. सिलिंडरभोवती एक मिलिमीटरचा थरसुद्धा उष्णता अडवतो. असं इंजिन बाहेरून सगळं नवं घातलं तरी तापतं.

पद्धत अशी. इंजिन गार असताना रेडिएटरचा तळाचा प्लग आणि इंजिन ब्लॉकवरचा प्लग, दोन्ही उघडा. ब्लॉकचा प्लग बहुतेक जण सोडून देतात आणि मग निम्मं जुनं पाणी आतच राहतं. तेलकट तवंग असेल तर आधी डिटर्जंटच्या पाण्याने एकदा धुवा, नाहीतर आम्ल क्षारांपर्यंत पोचत नाही. मग थर्मोस्टॅट तात्पुरता काढून घर परत लावा आणि सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, दर लिटर पाण्याला १०० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून भरा. या गाडीत एकूण सुमारे साडेआठ लिटर पाणी मावतं, म्हणजे ८५० ग्रॅम. हीटरची दोन्ही चाकं पूर्ण गरमवर ठेवा. इंजिन ८० अंशांपर्यंत नेऊन १० मिनिटं चालवा, बंद करा, ५० च्या आसपास निवल्यावर सोडून द्या. रात्रभर आत ठेवू नका, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. नंतर साधं पाणी भरून पाच मिनिटं चालवायचं आणि सोडायचं, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. तीन-चार वेळा तरी लागतंच. शेवटचं भरणं डिस्टिल्ड वॉटरचं.

हे धुणं जुन्या रेडिएटरवर करा आणि नवा नंतर घाला, म्हणजे सुटलेली घाण नव्याच्या नळ्यांत जाणार नाही. पंपाचं सील क्षारांच्या आधारावर टिकून असेल तर धुतल्यावर तो गळायला लागू शकतो. तो धुण्याचा दोष नाही, पंप आधीच गेलेला होता.

कूलंट मर्सिडीजच्या ३२५.० या मंजुरीचं घ्या. हा आकडा कॅनवर छापलेला असतो. नुसता हिरवा किंवा निळा रंग बघून घेऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, तरी हे प्रमाण गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वर नेण्यासाठी लागतं. जास्त घातलं तर जास्त गारवा, असं नाही. ५५ टक्क्यांच्या वर गेलं की उष्णता वाहून नेण्याची ताकद कमीच होते. धुतल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये थोडं पाणी राहिलेलं असतं, म्हणून आधी सव्वाचार लिटर कॉन्सन्ट्रेट पूर्ण ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आधीच मिसळून ओतलं तर प्रमाण पातळ होतं. दर तीन वर्षांनी बदला.

भरताना घाई नको. गाडीचं नाक किंचित वर असलेल्या जागी उभी करा, हीटर पूर्ण गरम, टाकीत बारीक धारेने ओता आणि मध्येमध्ये वरचा पाईप दाबत राहा, बुडबुडे येत राहतील. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करा. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. वरचा पाईप एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग टोपण लावा, एक चक्कर मारा, गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी टाकीवरच्या खुणेपर्यंत भरा.

हेड गॅसकेटचा संशय

एम१११ चा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त पसरतं, त्यामुळे एकदा गाडी नीट उकळली की दोघांमधली गॅसकेट रगडली जाते आणि हेड वाकू शकतं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा पाईप सकाळी स्टार्टच्या आधीही दगडासारखा कडक लागला, किंवा गार इंजिन सुरू करताच मिनिटभरात कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात येतोय. टाकीतले सततचे बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही गळती न दिसता घटणारं पाणी, ही पुढची लक्षणं. तेलाच्या टोपणाखाली थोडी पिवळट साय दिसली म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका. पावसाळ्यात, जवळच्या फेऱ्यांत ओल साचून ती चांगल्या इंजिनातही येते.

खात्री दोन चाचण्यांनी करा. पहिली रासायनिक: टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून वरची हवा त्यातून ओढायची, जळलेला वायू असेल तर निळा द्रव पिवळा होतो. डिझेल गाडीसाठी द्रव वेगळा येतो, तो बघून घ्या. दुसरी दाबाची: हातपंपाने यंत्रणेत १.४ बार भरून १५ मिनिटं थांबायचं. पंपाच्या मीटरचा काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी दिसतंय का बघा.

हेड काढलंच तर नुसती गॅसकेट घालून बंद करू नका. चिरांसाठी हेडची गरम पाण्यात दाबाखाली चाचणी करा, सरळ पट्टी आणि फीलर गेजने कर्णांत तपासा. लेथवाला लगेच फेसिंग मारायला, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करायला, तयार असतो, पण या इंजिनात झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट हेडमध्येच फिरतात. हेड धनुष्यासारखं वाकलं असेल तर खालची बाजू सपाट केल्याने कॅमची बेअरिंग सरळ होत नाहीत. टॅपेट न घालता कॅम बसवून, टोप्या टॉर्कला आवळून हाताने फिरवा. अडकत असेल तर हेड आधी सरळ करावं लागेल किंवा बदलावं लागेल. हेडचे बोल्ट ताणून बसणारे आहेत. लांबी मोजा, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या पुढे असतील तर नवे घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं तळाला बंद आहेत, त्यांत तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना दाबाने ब्लॉकच तडकू शकतो. हवा मारून कोरडी करा. आवळणं मधून बाहेर, आधी टॉर्क रेंचने आणि मग अंश मोजून.

रस्त्यात काटा चढला तर

११० दिसताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम, काचा खाली. अंगाची लाही होईल, पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. ट्रॅफिकमध्ये न्यूट्रल करून पंधराशे-दोन हजारवर रेस ठेवली तर पंप आणि फॅन जोर धरतात. काटा १२० ला टेकला, वाफ दिसली किंवा पाणी कमी असल्याचा दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. टोपण हाताला कोमट लागेपर्यंत उघडू नका. मग जाड फडक्याने, अर्धा फेरा फिरवून दाब जाऊ द्या आणि नंतरच काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाते. पाऊण तास थांबा, कोमट पाणी हळूहळू घाला. साध्या पाण्याने घर गाठता येतं, पण आठवड्याच्या आत ते काढून कूलंट भरा.

दुरुस्तीनंतर पहिले दोनेकशे किलोमीटर रोज सकाळी गार इंजिनवर पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत पाव-अर्धा लिटर उतरणं म्हणजे अडकलेली हवा निघाली, तेवढं भरून टाका. तिसऱ्या दिवसानंतरही उतरत असेल तर दाबाची चाचणी पुन्हा करा, यावेळी हीटरच्या पाईपांसकट, आणि पुढच्या सीटसमोरचा गालिचा उचलून खाली ओल आहे का हात लावून बघा. हीटरचा कोअर तिथेच गळतो आणि बॉनेट उघडून बघणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.